मधल्या खोलीतली कवयित्री

बायको गेल्यावर पाच महिन्यांनी मी घरातली मधली खोली भाड्याने दिली. कल्पना माझ्या मुलीची. ती लग्न करून टॅम्पिनीसला राहते, म्हणजे सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, आणि तेव्हा रोज संध्याकाळी फोन करून “जेवलास का?” विचारायची. मी जेवलेला असायचो. “काय जेवलास?” असं तिने पुढे विचारलं की मला आठवायचं नाही. असं चार-पाचदा झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, घरात कोणीतरी माणूस हवं. आपल्या क्लेमेंटीत युनिव्हर्सिटीतले लोक खोल्या शोधतच असतात. मी बघते.”

मी बरं म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

ती खोली बायकोची होती. आजारपणाचे चार महिने ती तिथेच झोपायची. त्याआधी तिथे तिचं कपाट आणि तिची मराठी पुस्तकं असायची. ती एका किंडरगार्टनमध्ये शिकवायची आणि उरलेला वेळ वाचायची. दर सुट्टीत पुण्याहून येताना आमच्या बॅगांचं अर्धं वजन पुस्तकांचं असे. खोली रिकामी करायला मी एक सकाळ ठेवली होती. साड्या, ड्रेस, शाली, स्वेटर असं सगळं तीन मोठ्या पिशव्यांत भरलं आणि जुने कपडे घेणाऱ्या दुकानात देऊन आलो. चाळीस मिनिटांत काम झालं. मधे चहासुद्धा केला. काहीतरी होईल, निदान एखादी साडी हातात आल्यावर तरी होईल, असं वाटून मी जरा सावध होतो. काही झालं नाही.

मी तीस वर्षं जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. पंप दुरुस्तीला घेतला की आधी त्याची वीज तोडायची, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे, कुलूप घालायचं आणि वर पाटी अडकवायची, ‘चालू करू नये’. माझी अवस्था साधारण तशी होती. दुखत नव्हतं. पंप जागेवर होता, फक्त त्यातून काही वाहत नव्हतं.

पुस्तकं तेवढी तिथेच राहू दिली, कारण त्यांना ठेवायला दुसरी जागा नव्हती.

भाडेकरू म्हणून आली ती एक अमेरिकन बाई. पन्नाशीच्या जवळपासची, उंच, केस कानापर्यंत कापलेले, दोन बॅगा, त्यातली एक उचलताना माझी कंबर लचकली इतकी जड. तिच्यातही पुस्तकंच होती. एका वर्षासाठी विद्यापीठात कविता शिकवायला आली होती. मुलीने तिच्याबद्दल आधीच सगळं शोधून ठेवलं होतं. “बाबा, ती कवी आहे आणि क्रिटिकपण आहे. क्वाइट फेमस. पण म्हणे फार कडक लिहिते, लोक घाबरतात लाह.” ‘लाह’ हे तिच्या बोलण्यातलं सिंगापुरी शेपूट. माझा कवितेशी शाळेनंतर संबंध आला नव्हता. भाडेकरू शांत असावी, स्वयंपाकघर स्वच्छ ठेवावं, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि ती शांत होती, स्वच्छही होती.

ती मला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारू लागली. बायको ‘अहो’ म्हणायची, मुलगी ‘बाबा’. त्या घरात माझ्या नावाचा उच्चार वर्षानुवर्षं कोणी केला नव्हता. पहिले काही दिवस ती हाक मारायची आणि मी वळून बघायचोच नाही. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, तिथे तू-तुम्हीचा प्रश्न नाही. मराठीत सांगताना मी ‘तुम्ही’ लावतो आहे, कारण आमचं वागणं शेवटपर्यंत ‘तुम्ही’चंच राहिलं.

सकाळी सात वाजता आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी असायचो. मी चहा आणि पाव, ती काळी कॉफी आणि एक उकडलेलं अंडं. तिला अमेरिकेतून पुस्तकांची पार्सलं येत. ती अंडं सोलत एक पुस्तक उघडायची, पाच-सहा पानं वाचायची आणि मिटून डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. उजवीकडची ती पुन्हा वाचणार असे. उजवीकडे फारच थोडी जात.

एक दिवस मी विचारलं, “एवढ्यात कळतं?”

“खोटं बोलतो आहे की नाही, एवढं कळतं,” ती म्हणाली. “चांगलं आहे की नाही, याला वेळ लागतो.”

आमच्या बोलण्याला खरी सुरुवात झाली ती बायकोच्या पुस्तकांमुळे. आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती एक पुस्तक उघडं धरूनच टेबलाशी आली. “ही लिपी मला वाचता येत नाही,” ती म्हणाली, “पण हे पेन्सिलीने लिहिलेलं काय आहे? जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आहे.”

बायको वाचताना हातात पेन्सिल घेऊन बसायची हे मला माहीत होतं. ती काय लिहायची हे मी तीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. मी चष्मा लावला. समासात लिहिलं होतं, ‘इथे लेखक दमला.’

मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. ती मोठ्याने हसली, आणि मग हसायचं थांबवून म्हणाली, “आणखी सांगा.”

त्यानंतर रोज सकाळी एक पुस्तक असं सुरू झालं. मी पानं उलटून समासातलं वाचायचो आणि तिला सांगायचो. ‘पुरे आता.’ ‘ही बाई स्वयंपाकघरात कधी गेलेली नाही.’ ‘हिला नवरा का सोडत नाही?’ ‘छान. पुन्हा वाचावं.’ एका आत्मचरित्राच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणाखाली नुसतं ‘खोटं’ असं होतं. वाचताना मला बायकोचा आवाज ऐकू यायचा असं म्हणायला मला आवडलं असतं. यायचा नाही. मी पाटी वाचावी तसं वाचत होतो. पण बाई मात्र सरसावून बसायची, मधेच पुस्तकात नेमकं काय आहे ते विचारायची, आणि मला गोष्ट सांगता यावी म्हणून मी दुपारी ते प्रकरण वाचून ठेवू लागलो. दुपारी करायला मला दुसरं काही नव्हतंच.

“तुमची बायको माझ्यापेक्षा चांगली समीक्षक होती,” ती एकदा म्हणाली. “तिला कोणाला खूश करायचं नव्हतं.”

“तुम्ही तरी कुठे करता? माझी मुलगी म्हणते तुम्हाला लोक घाबरतात.”

“घाबरवून खूश करता येतं,” ती म्हणाली. “वाचकांना दुसऱ्याची फजिती बघायला आवडते.”

अशा सकाळींमधून तिची हकिकत मला तुकड्या-तुकड्याने कळत गेली. ती उत्तरेकडच्या एका लहान गावातली, वर्षातले पाच महिने बर्फ पडतं अशा. वडील शाळेची बस चालवत. आई एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. घरात पुस्तक म्हणून फक्त बसच्या दुरुस्तीची पुस्तिका होती, आणि ती लहानपणी तीच वाचायची, कारण तिच्यातली वाक्यं नेमकी असत. मला ते ऐकून बरं वाटलं. माझंही वाचन तेवढंच होतं.

ती एकोणीस वर्षांची असताना वडील गेले. पुढे तिने त्यांच्यावर कविता लिहिल्या, त्यांचं पुस्तक झालं, पुस्तकाला बक्षीस मिळालं. त्यातल्या एका कवितेत वडिलांचे कामाचे कपडे आवरताना मुलगी रडते. ती कविता तिथे शाळा-कॉलेजांत शिकवतात, असं ती मान खाली घालून म्हणाली. त्यानंतर पोटासाठी म्हणून तिने परीक्षणं लिहायला घेतली आणि तीच तिची ओळख झाली. वीस-बावीस वर्षांत कवितांची पुस्तकं फक्त दोन आणखी, परीक्षणं मात्र शेकड्यांनी.

तिचा नवराही कवी होता. त्याचा धाकटा भाऊ गेला, त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि छापायला देण्याआधी हिला वाचायला दिलं. हिने दोन दिवस वाचलं आणि सांगितलं की अमुक पानावर तू रडतोस ते खोटं आहे. तू रडला नव्हतास, तू त्या दिवशी गवत कापत होतास, मी खिडकीतून बघत होते. त्याने ते पान तसंच ठेवलं. पुस्तक गाजलं. वर्षभराने हिने शोककवितांवर एक लेख लिहिला आणि त्यात ‘उसन्या अश्रूं’बद्दल दोन परिच्छेद घातले. नाव घेतलं नव्हतं, पण त्यांच्या वर्तुळात सगळ्यांना कळलं. नवरा घर सोडून गेला.

“पश्चात्ताप होतो?” मी विचारलं.

“लेखाचा नाही,” ती म्हणाली. “पण त्याला घरात सांगून झालं होतं. पुन्हा लिहायची गरज नव्हती.”

मग तिने मला विचारलं, “ही खोली रिकामी करताना तुम्हाला जड गेलं का?”

“नाही,” मी म्हणालो. “चाळीस मिनिटं लागली. मधे चहा केला.”

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिने कप विसळला.

ती येऊन आठ महिने झाले असतील. एका शनिवारी मुलगी न कळवता आली. एरवी ती नवऱ्याबरोबर रविवारी जेवायला येई. दारातच तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. “हे वाच. माझ्या ऑफिसमधल्या एकीने पाठवलं. तिला वाटलं मला आवडेल.”

अमेरिकेतल्या एका मासिकाच्या वेबसाइटवरची कविता होती. खाली आमच्या भाडेकरूचं नाव. मी सोफ्यावर बसून वाचली. अवघड नव्हती. उष्ण देशातलं एक घर, त्यात मेलेल्या बाईची पुस्तकं, समासात पेन्सिलीने लिहिलेली तिची मतं. ‘इथे लेखक दमला’ जसंच्या तसं होतं, मीच करून दिलेल्या इंग्रजीत. आणि शेवटी तिचा नवरा कपाट रिकामं करतो. एक हिरवी साडी हातात घेतो, तिच्यात तोंड खुपसतो आणि हुंदके देतो.

“तिने तुला विचारलं होतं?” मुलगी म्हणाली.

“नाही.”

“मग? शी कॅनॉट जस्ट टेक, बाबा! आईच्या पुस्तकांत आईने लिहिलेलं. ते मीसुद्धा वाचलं नाहीये. आणि ही बाई जगाला वाचायला देते!” इथून पुढे तिचं इंग्रजी गळालं, राग फार झाला की ती नुसतं मराठी बोलते. “आजच्या आज तिला जायला सांग. नाहीतर मी सांगते.”

“ती वर्गावर गेली आहे. दुपारी येईल.”

“तुला राग कसा येत नाही?”

मी विचार केला. राग शोधला, खरंच शोधला. एकच गोष्ट खुपत होती. “मी रडलो नव्हतो,” मी म्हणालो.

मुलीने तेवढं ऐकून घेतलं आणि ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

बाई दोन वाजता आली. मुलीला बघून हसली, मग आमचे चेहरे बघून तिचं हसू गेलं. मुलीने मोबाइल तिच्यापुढे ठेवला. बाईने तो उचललाही नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “विचारायला हवं होतं. मी रोज सकाळी विचारणार होते.”

“मग का नाही विचारलं?” मुलगी म्हणाली.

“यांनी नाही म्हटलं असतं तर कविता गेली असती.”

तिने सारवासारव केली नाही याचं मला बरं वाटलं. मुलीला नाही वाटलं. ती म्हणाली, “तुम्ही माझ्या आईला ओळखत नव्हता.”

“नाही.”

“मग तिच्यावर तुमचा काय हक्क?”

“काही नाही,” बाई म्हणाली.

खालून कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवातून मलाय गाणी ऐकू येत होती. शेवटी मीच म्हणालो, “मला एकच विचारायचं आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं, चाळीस मिनिटं, मधे चहा. मी रडलो नव्हतो. नवऱ्याला तुम्ही ज्यावरून बोललात, तेच तुम्ही माझ्या बाबतीत केलंत. असं का?”

मला वाटलं, कवितेला अमुक लागतं, तमुक लागतं, असं काहीतरी ती सांगेल. तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. ती हळूच म्हणाली, “वडिलांचे कपडे आवरताना मीसुद्धा रडले नव्हते. मी ते पिशवीत भरले आणि आईला म्हणाले, भूक लागली आहे. आई माझ्याकडे अशी काही बघत राहिली की ते मी कधी लिहूच शकले नाही. पुस्तकात मी रडते. त्या पानासाठी बक्षीस मिळालं.”

“म्हणून तुम्हाला दुसऱ्याचं खोटं कळतं,” मी म्हणालो. मी टोमणा मारत नव्हतो. मला ते खरंच तेव्हा लक्षात आलं होतं.

“लगेच कळतं,” ती म्हणाली.

मुलीने पर्स उचलली. “बाबा, तू ठरव,” म्हणाली आणि गेली.

मी बाईला घर सोडायला सांगितलं नाही. पण सकाळचं वाचन बंद झालं. ती तिचं अंडं घेऊन खोलीत जाऊ लागली. मी टेबलाशी एकटा बसायचो आणि पहिल्यांदाच मला तिथे एकटं बसलेलं जाणवायचं. याला काय म्हणावं मला माहीत नाही. दुःख नव्हतं, पण आधीचंही नव्हतं. दोन आठवड्यांनी तिने मला एक कागद दिला. मासिकाला तिने कविता काढून टाकायला लावली होती आणि तिने ती पुन्हा लिहिली होती. शेवटच्या ओळींत आता माणूस तीन पिशव्या भरतो, मधे चहा करतो, कप धुऊन ठेवतो आणि घड्याळाकडे बघतो. एवढंच. साडीच नव्हती.

“हे बरोबर आहे,” मी म्हणालो.

“छापू?”

“मुलीला विचारा. तिच्या आईचं आहे.”

तिने मुलीला पत्र लिहिलं. हाताने, कागदावर, पाकिटात घालून टॅम्पिनीसला. त्यात काय होतं मी विचारलं नाही. त्या रविवारी मुलगी आली ती एकटीच. बाई तेव्हा मुद्दामच बाहेर गेली असावी. मी वरण-भात आणि दुधीची भाजी केली होती. मुलीने ताटात भात कालवला आणि तसाच ठेवला.

“बाबा, खरंच तू रडला नाहीस? एकदाही?”

“नाही.”

“मला वाटायचं तू माझ्यासमोर रडत नाहीस. मी गेल्यावर रडत असशील.”

“तू गेल्यावर मी टीव्ही लावतो.”

तिने ताटातून नजर वर केली नाही. “मी रडायचे,” ती म्हणाली. “एमआरटीच्या गाडीत. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये. तुला रोज फोन करायच्या आधी तोंड धुवायचे, म्हणजे आवाजावरून तुला कळू नये. तुला त्रास होईल म्हणून. आणि तू आपला ‘जेवलो’ एवढंच सांगायचास. मला इतका राग यायचा तुझा.”

मला नोव्हेनाच्या हॉस्पिटलातला शेवटचा महिना आठवला. तिथल्या लांब कॉरिडॉरमध्ये ही मुलगी ऑफिसातून धावत यायची, आणि मी तिला डॉक्टर काय म्हणाले ते यादी वाचावी तसं सांगायचो. ती मान हलवायची. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत होतो आणि दोघांनाही त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

“मला काही होतच नाही,” मी म्हणालो. “मी वाट बघतो आहे. पण होत नाही.”

“मग तेच सांगायचं ना!” ती ओरडली आणि रडायला लागली, भात चिवडत, नाक पुसत, लहानपणी रडायची तशी. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचं रडणं माझ्या हाताला कळत होतं. मी तसाच उभा राहिलो. वरण गार झालं, ते मी पुन्हा गरम केलं. जाताना तिने आईची चार पुस्तकं पिशवीत घातली. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. “सावकाश वाचेन,” म्हणाली. दारात चपला घालताना म्हणाली, “छापू दे तिला.”

वर्ष संपल्यावर बाई तिच्या देशात परत गेली. विद्यापीठाने आणखी एक वर्ष राहायला सांगितलं होतं, पण तिची आई म्हातारी झाली होती आणि एकटी होती. ती निघाली त्या दिवशी मी तिच्याबरोबर टॅक्सीने चांगी विमानतळापर्यंत गेलो. तिने हात पुढे केला, मी तो हातात घेतला, आणि ती आत गेली.

पुढचं मला तिच्या ईमेलवरून आणि मुलीने इंटरनेटवर वाचून सांगितलेल्या बातम्यांवरून कळलं. तिने एक मोठा लेख लिहिला आणि त्यात स्वतःच्याच पहिल्या पुस्तकाचं परीक्षण केलं. वडिलांचे कपडे आवरताना मी रडले नव्हते, बक्षीस मिळालेलं पान खोटं आहे, असं नावानिशी लिहिलं. त्यावर बरीच चर्चा झाली. काहींनी धाडस म्हटलं. तिच्या परीक्षणांनी दुखावलेले लोक वीस वर्षं वाट बघत होते, त्यांनी आपापलं उट्टं काढलं. नवऱ्याने काहीच लिहिलं नाही. एक दिवस त्याचा फोन आला आणि ते दोघं अर्धा तास त्याच्या भावाबद्दल बोलले, एवढं तिने मला कळवलं. मग तिने परीक्षणं लिहायची सोडली. आता ती गावातल्या एका लहान कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस शिकवते आणि उरलेला वेळ आईजवळ असते. नवं पुस्तक आलं, त्यात ती कविता आहे. पुस्तकाला बक्षीस वगैरे मिळालं नाही. मुलीने दोन प्रती मागवल्या.

अलीकडे तिच्या ईमेल कमी येतात. आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, चार महिन्यांत एक कविता झाली, बर्फ फार आहे, असं गेल्या खेपेला लिहिलं होतं. उत्तरात मी तिला कळवलं की ती विद्यापीठात जायची त्या बसचा मार्ग बदलला आहे, आता ती आमच्या ब्लॉकसमोर थांबत नाही, एक थांबा पुढे चालावं लागतं. तिला ही माहिती आता काही कामाची नव्हती. पण मला ती सांगावीशी वाटली.